आमच्या कॉम्प्युटरचा राखणदार

निवृत्त माणसाने कसला तरी नाद लावून घ्यावा म्हणतात. मी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. सहा वर्षे गावोगावच्या काका-आत्यांना गाठून, जुनी बाडे उलटून दोनशेच्या वर माणसांची माहिती जमवली आणि मुलाने घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरात भरली. आमच्या सौभाग्यवती याला 'भुतांची शिरगणती' म्हणत. पण माहेरची दोन नावे त्यात हळूच घालायला लावण्यास त्या विसरल्या नव्हत्या!

एके संध्याकाळी शेजारचे गृहस्थ चहाला आले. त्यांनी सहज विचारले, "अँटीव्हायरस कोणता घातलाय?"

"कोणताच नाही," मी म्हणालो.

त्यांनी कप खाली ठेवला आणि आमच्या घराला दारच नसल्यासारखे माझ्याकडे पाहिले.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सर्दीवर औषध विचारावे तसे मी दिसेल त्याला विचारत सुटलो. कोणी म्हणे महागातला घ्या, कोणी म्हणे फुकटातला चांगला, एकाने तर दोन-दोन घालण्याचा सल्ला दिला. आपल्या पुण्याचाच घ्या, असेही एकजण म्हणाले. क्विक हील उभी करणारे कैलास काटकर एकेकाळी कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी तो प्रोग्राम लिहिला, हे ऐकून माझी छाती उगाचच फुगली. पण वर्षाकाठी पैसे भरायचे म्हणताच आतला जुना हिशेबनीस जागा झाला.

अशा द्विधा अवस्थेत एका दुपारी पडद्यावर लालभडक चौकट उमटली. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १७ व्हायरस सापडले आहेत. मोफत उपाय येथे दाबा.' मला वाटले, देवच पावला! मी दाबले. सध्याचे संरक्षण बंद करण्याची परवानगी त्याने मागितली. माझ्याकडे कसले आले आहे संरक्षण, असे म्हणत मी तीही देऊन टाकली.

संध्याकाळी कुलवृत्तांत उघडायला गेलो, तर प्रत्येक फाइलच्या नावाला एक विचित्र शेपूट आलेले आणि एकही फाइल उघडेना. शेजारी एक इंग्रजी चिठ्ठी होती : फाइली परत हव्या असतील तर बिटकॉइनमध्ये पैसे पाठवा.

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या निमूटपणे फोनाकडे गेल्या आणि त्यांनी आमच्या पुतण्याला बोलावले.

तो आला, त्याने आधी इंटरनेटची वायर उपटली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, घरात पगारी नसलेला का होईना, पण चांगला गुरखा होता. तुम्ही त्याला झोपायला पाठवलंत आणि चोराला किल्ल्या दिल्यात."

हा गुरखा म्हणजे विंडोजमध्येच असणारा डिफेंडर. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो अंगभूत येतो. म्हणजे मी शेजाऱ्यांना 'कोणताच नाही' म्हणालो, तेव्हाही तो बिचारा आपले काम करीतच होता!

पैसे पाठवू का, असे मी विचारले. पुतण्या म्हणाला, मुळीच नाही. पैसे देऊन किल्ली मिळेलच याचा भरवसा नाही. २०१६ साली युरोपच्या पोलिसांनी काही कंपन्यांच्या साहाय्याने 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम सुरू केला. अशा कुलपांच्या काही किल्ल्या तिथे फुकट मिळतात. त्याने तासभर शोधले. आमच्या कुलपाची किल्ली तिथे नव्हती.

मग कॉम्प्युटर पार पुसून नव्याने मांडताना त्याने माझी शिकवणी घेतली. अँटीव्हायरसजवळ ओळखीच्या चोरांच्या खुणांची यादी असते, शिवाय तो प्रोग्रामांच्या वागण्यावरही नजर ठेवतो. यादी रोज ताजी व्हायला हवी. राखणदार एकच असावा. दोघे असले की एकमेकांनाच चोर समजून भांडतात आणि यंत्र रडत चालते. आणि भिंतीला भगदाड असेल तर राखणदार तरी काय करणार? मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर हाहाकार केला, इंग्लंडातली इस्पितळे अडली. त्या भगदाडाची डागडुजी मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच पाठवली होती. ज्यांनी 'नंतर करू' म्हटले ते सापडले. (मीही 'नंतर करू'वालाच.) विंडोज १० ची नेहमीची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हा ज्यांच्या घरी ती आहे त्यांनी अँटीव्हायरसच्या आधी तिचा विचार करावा.

"मग विकतचा घेऊ की नको?" मी मुद्द्यावर आलो.

त्याचे मत असे पडले, की तुम्हा दोघांना डिफेंडर पुरे. घरात लहान मुले असती, त्यांच्या पाहण्यावर लगाम हवा असता किंवा अडीअडचणीला फोनवर माणूस हवा असता, तर विकतचा घ्यावा. पण जाहिरात पाहून नव्हे. जर्मनीतील माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था सगळ्यांची नेमाने परीक्षा घेतात, त्यांचे निकाल पाहावेत. दुसऱ्या वर्षाचा दर पहिल्याच वर्षी विचारून घ्यावा. पहिले वर्ष बहुधा माहेरपणाचे असते! फुकटातला घेतानाही जपावे. अॅव्हास्टने ग्राहकांच्या इंटरनेटवरील भटकंतीची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये त्यांच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याचे ठरवले.

जाता जाता त्याने डिफेंडरमधली एक सोय चालू करून दिली. ठरावीक फोल्डरांना अनोळखी प्रोग्रामने हातच लावू नये अशी ती सोय आहे. मुळात ती बंद असते. ती आधी चालू असती तर, असा विचार माझ्या मनात आला; पण राखणदारालाच झोपवणाऱ्याने तो करण्यात काय अर्थ!

कुलवृत्ताचे काय झाले? दीड वर्षापूर्वी नागपूरच्या बहिणीला मी एका पेन ड्राइव्हवर त्याची प्रत दिली होती. तिने ती देवघराच्या खणात, हळदीकुंकवाच्या पुडीशेजारी जपून ठेवली होती. तीवरून बहुतेक सारे परत मिळाले. पण त्यानंतरचे दीड वर्ष गेले. त्यातच बडोद्याच्या आत्याबाईंनी दोन दुपारी बसून सांगितलेली, आमच्या पणजोबांनी कोकण सोडल्याची हकीगत होती. आत्याबाई गेल्या आषाढात वारल्या.

मला आठवले तेवढे मी पुन्हा लिहिले. गलबत कोणत्या बंदरातून सुटले ते आठवत नाही. आता दर शनिवारी सौभाग्यवती स्वतः पेन ड्राइव्ह लावून नकल करतात, काढून कपाटात ठेवतात, आणि मला विचारतात, "अहो, बंदराचं नाव आठवलं का?"