पत्ता आणि हक्क: ‘रस्ट’मधील पॉइंटरची गोष्ट

संगणकाच्या मेमरीत माहिती कोठे ठेवली आहे, हे सांगणाऱ्या घटकास ‘पॉइंटर’ म्हणतात. पुष्कळदा हा पत्ता ८ च्या पटीत असतो. साहजिकच द्विमान पद्धतीत त्याचे शेवटचे तीन बिट शून्य राहतात. या मोकळ्या जागेत ० ते ७ पैकी एखादी खूण ठेवता येते. ६४ बिटांच्या संगणकावर खूण वेगळी ठेवल्यास ८ बाइटऐवजी सहसा १६ बाइट खर्ची पडतात.

मात्र खूण न पुसता वाचन केल्यास भलतीच माहिती हाती येते. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. पॉइंटरचे रूपांतर साध्या संख्येत करून तिच्यापासून पुन्हा पॉइंटर बनविल्यास पत्ता जुळतो, पण त्या जागेवरील हक्क संदिग्ध होतो. कळवा-ठाणे पासाचा क्रमांक कोऱ्या कागदावर उतरविला, म्हणून त्या कागदावर लोकलचा प्रवास करता येत नाही. कंपायलर याच हक्काच्या आधारे प्रोग्राम वेगवान करीत असल्याने घोळ झाल्यास प्रोग्राम अनपेक्षित वागू शकतो.

जानेवारी २०२५ मध्ये ‘रस्ट’ या संगणकभाषेच्या १.८४ आवृत्तीत ‘मॅप_अ‍ॅडर’ ही सुविधा स्थिर झाली. ती हक्क कायम ठेवून केवळ पत्ता बदलते. खूण चढविणे व पुसणे, दोन्ही तिच्यामार्फत करावे. प्रत्यक्ष वाचन ‘अनसेफ’ विभागातच होते, म्हणजे तेथील जबाबदारी प्रोग्रामरचीच. त्यामुळे असा पॉइंटर स्वतंत्र प्रकारात खासगी ठेवणे आणि ‘मिरी’ या साधनाने प्रोग्राम तपासून घेणे हितावह ठरते.