आधी मनातलं, मग खात्रीचं

एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले, गुणवत्ता यादीत क्रमांक लागला, की इंजिनिअरिंगला जाऊ पाहणाऱ्या घरांत ऑप्शन फॉर्मची खलबतं सुरू होतात. गेल्या वर्षीचे कटऑफ समोर असतात. मुलीला पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये जायचं असतं, पण तिचा क्रमांक थोडक्यात मागे पडतोय असं दिसतं. जिल्ह्याच्या ठिकाणचं एक बरं कॉलेज मात्र नक्की मिळणार असतं. अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतं, "उगाच मोठ्या कॉलेजचं नाव वर टाकू नकोस, त्या नादात मिळणारंही जाईल." हा सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, तरी तो चुकीचा आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, अवघड कॉलेज आधी मागितल्याने सोपं कॉलेज हातचं जात नाही. धोका आहे, पण तो मनातलं कॉलेज वर लिहिण्यात नाही. आपण त्याला भलत्याच जागी शोधतो आणि खरा धोका असतो तिथे बेसावध राहतो.

जागावाटप कसं होतं ते पाहिलं की हे पटतं. संगणक गुणवत्ता क्रमाने एकेक उमेदवार घेतो. तुमची पाळी आली की तुमच्या यादीतला पहिला पर्याय तपासतो. तिथे तुम्हाला मिळू शकेल अशी जागा उरली नसेल तर दुसरा, मग तिसरा. वरचे दहा पर्याय हुकले तरी अकराव्यासाठी तुमचा क्रमांक तोच राहतो. तुमच्या मागच्या क्रमांकाच्या मुलाने ते अकरावं कॉलेज स्वतःच्या यादीत पहिलं लिहिलं असलं, तरी त्या जोरावर तो तुमच्या पुढे जात नाही. लोकांची भीती अगदीच निराधार आहे असं मात्र नाही, कारण जगात तशा पद्धतीही होत्या. अमेरिकेत बॉस्टन शहरातल्या सरकारी शाळांचे प्रवेश पूर्वी असे होत, की ज्यांनी एखादी शाळा पहिली मागितली त्यांना ती आधी मिळे. मागणी असलेली शाळा प्रामाणिकपणे पहिली लिहिली आणि ती हुकली, तर दुसऱ्या पसंतीची शाळा तोवर भरून गेलेली असे. तिथे पालकांना खरोखरच जपून लिहावं लागे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये कॉलेज प्रवेशावरच एक निबंध लिहून, खरी पसंती लिहिणाऱ्याचं नुकसान होणार नाही असं वाटप कसं करता येईल याचा पाया घातला होता. त्याच विचारावर बॉस्टनने २००५ मध्ये आपली पद्धत बदलली. पुढे २०१२ मध्ये शॅप्ली आणि अॅल्विन रॉथ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हेच काम होतं. आपल्याकडची भीती ही जणू त्या जुन्या बॉस्टनची आहे. कॅपच्या एका फेरीतलं वाटप तसं चालत नाही.

उलट कॅपचे नियम भिऊन लिहिणाऱ्यालाच अडकवतात. २०२५ च्या नियमांनुसार चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत यादीतला पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ होई, म्हणजे पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत हे बंधन पहिल्या तीन पर्यायांना होतं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. आता ज्या मुलीने धसका घेऊन खात्रीचं कॉलेज पहिलं लिहिलं, तिला ते पहिल्याच फेरीत मिळणार आणि तिथेच तिचा प्रवास थांबणार. पुढच्या फेरीत व्हीजेटीआयची एखादी जागा रिकामी झाली तरी ती तिच्यासाठी नाही. यावर एक आक्षेप रास्त आहे: दुसऱ्या फेरीत तिसरा पर्याय मिळून फ्रीझ झाला आणि तिसऱ्या फेरीत पहिला उघडला असता, तर खरं लिहूनही नुकसान झालंच की. हो, होऊ शकतं. म्हणून दर फेरीला यादी नव्याने भरताना बंधनाच्या आतल्या जागांवर मिळाल्यास समाधानाने जाल अशीच नावं ठेवावीत. नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका घरातल्या कुणीतरी एकाने तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलीच पाहिजे.

खरा धोका बेटरमेंटमध्ये आहे. मिळालेली जागा राखून पुढच्या फेरीत उतरता येतं, आणि वरचं काही मिळालं नाही तर आधीची जागा कायम राहते. मिळालं तर मात्र ती आपोआप रद्द होते, मागे फिरता येत नाही. म्हणजे हातातल्या जागेच्या वर नुसतं नाव मोठं म्हणून टाकलेलं, पण ज्या शाखेत जायचंच नाही असं काही असेल, तर ते गळ्यात पडू शकतं. यादीचं खालचं टोकही तितकंच महत्त्वाचं आहे. मोठी स्वप्नं वर लिहून खाली खात्रीची चार-पाच कॉलेजं लिहायची राहिली, तर रिकाम्या हाताने परतावं लागतं. धाडस वर आणि सावधगिरी तळाशी, दोन्ही एकाच यादीत मावतात.

सगळ्यात अवघड कोंडी कॅपच्या बाहेर होते. खासगी अभिमत विद्यापीठांचे प्रवेश बहुधा आधी उरकतात. सीईटीचा निकालही लागलेला नसतो आणि मोठी रक्कम भरण्याची तारीख अंगावर येते. पालक घाबरून पैसे भरतात, आणि भरलेत म्हणून मुलाला तिथेच पाठवतात. इथे दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, एआयसीटीईच्या नियमानुसार ठरलेल्या तारखेपूर्वी प्रवेश रद्द केला तर फार तर १,००० रुपये कापून बाकीचं शुल्क परत मिळायला हवं, आणि मूळ प्रमाणपत्रं संस्थेला अडकवून ठेवता येत नाहीत. तेव्हा भरताना पावती आणि परताव्याची तारीख दोन्ही लेखी घ्यावीत. दुसरी गोष्ट पैशांचीच, पण फार मोठी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. ही सवलत कॅपमधून झालेल्या प्रवेशाला आहे; खासगी अभिमत विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोटा तिच्यात येत नाहीत. ज्या जागेला आपण सुरक्षित म्हणतो, तिच्यासाठी अशी मुलगी चार वर्षांची माफी सोडून देत असते.

कुणी विचारेल, एवढा आटापिटा करण्याइतकं नावाजलेल्या कॉलेजात असतं तरी काय? स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांचा २००२ चा अमेरिकेतला अभ्यास इथे विचारात घ्यावा असा आहे. निवडक कॉलेजांत प्रवेश मिळूनही साध्या कॉलेजात गेलेली मुलं पुढे जवळपास तेवढंच कमावत होती. अपवाद होता गरीब घरच्या मुलांचा, त्यांना चांगल्या कॉलेजचा फायदा दिसला. अमेरिकेचं गणित इथे जसंच्या तसं लागू होत नाही, पण कारण ओळखीचं वाटतं. ज्या घरात आधी कुणी इंजिनिअर नाही, त्या मुलाला नोकरी द्यायला दारात येणाऱ्या कंपन्या, पुढे गेलेले सीनियर आणि चांगली लायब्ररी घरातून मिळत नाही. ते कॉलेजनेच द्यायचं असतं. म्हणून मला वाटतं, "आपल्यासारख्यांनी मोठी उडी मारू नये" हे वाक्य ज्या घरांत जास्त ऐकू येतं, त्याच घरांनी मनातलं कॉलेज पहिलं लिहावं.

ड्रॉपचा, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा देण्याचा, प्रश्न मात्र वेगळा. यादीत वर नाव लिहायला काही लागत नाही, पण हातातली जागा सोडून वर्ष घालवायला कमाईचं एक वर्ष आणि क्लासची फी लागते. जेईई अॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते, त्यामुळे आयआयटीसाठी ड्रॉप घेणाऱ्याला पुढच्या वर्षीचा प्रयत्न शेवटचा असतो. आजारपण किंवा नीट न झालेली तयारी असं दाखवता येण्याजोगं कारण असेल, तर तो विचार करावा. नुसतं "यंदा नशीब नव्हतं" एवढंच सांगता येत असेल, तर कॅपमध्ये मिळालेली जागा घ्यावी आणि ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू करावं.