१०.७ सेंटिमीटर : सूर्याची रेडिओ नोंद

काय मोजतात? १०.७ सेंमी तरंगलांबीवर (२,८०० मेगाहर्ट्‌झ) सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींची तीव्रता.

सुरुवात : आर्थर कोव्हिंग्टन, ओटावा, कॅनडा. दुर्बीण महायुद्धातील रडारच्या सुट्या भागांची. २३ नोव्हेंबर १९४६ च्या खंडग्रास ग्रहणात चंद्राने मोठा सौरडाग झाकताच संकेत एकदम घसरला. डागांच्या परिसरातून जादा रेडिओ लहरी निघतात, हे त्यातून कळले. १९४७ पासून नियमित मोजणी.

आता : पेन्टिक्टन, ब्रिटिश कोलंबिया, दिवसातून तीनदा.

आकडे : शांत सूर्य – सुमारे ६५ ते ७० सौर प्रवाह एकके. साधारण ११ वर्षांच्या सौरचक्राच्या ऐन भरात २०० च्याही वर.

फरक : जमिनीवरून डाग मोजायला निरभ्र आकाश लागते. या लहरी ढगांतूनही येतात.