लिहिणारा एक, गाणारा दुसरा

गीतरामायणाला सत्तर वर्षं झाली म्हणून आमच्या इस्लामपुरात कार्यक्रम झाला. फलकावर गायकाचा फोटो पुरुषभर उंचीचा. गदिमांचं नाव मात्र तळाला, सौजन्य म्हणून झळकणाऱ्या सराफाच्याही खाली. ज्या जिल्ह्यातल्या शेटफळ्यात हा माणूस जन्मला, त्याच जिल्ह्यात ही गत. मूळ रेडिओवर, १९५५-५६ साली, या छप्पन्न गाण्यांना गळेही वेगवेगळे होते. सीतेला माणिक वर्मा, कौसल्येला ललिता फडके. पुढे बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, सगळी एकट्याने गायली. अप्रतिमच गायली, पण तेव्हापासून कौसल्या आणि राम एकाच आवाजात बोलू लागले, हे माझं जुनं दुखणं आहे. कुणी मनावर घेत नाही.

गाणं लिहिणाऱ्याने स्वतः गावं की दुसऱ्याला द्यावं, याचं उत्तर आमच्या वाळवा तालुक्याने कधीच दिलं होतं. होनाजी शिलारखान्याची लावणी बाळा कारंजकराने गायची आणि नाव दोघांचं जोडून पडायचं, ही पेशवाईतली रीत इथे पुढे चालली. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार, जात, मानमरातब सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांना गाता येत नव्हतं असं कोण म्हणेल? पण मुंबईच्या थिएटरांत त्यांची लावणी गाजली ती पवळाबाईच्या तोंडून. लावणीतलं बाईचं लाडिक भांडण फेट्याखालून कितीसं शोभणार? आमच्याकडे व्याख्यानांत बापूरावांवर तासभर बोलतात आणि पवळाचं नाव आलं की घसा खाकरतात. तिच्याशी फाटल्यावर फडाची ती रया परत आली नाही. १९४५ साली बापूराव पुण्यात हलाखीत गेले.

वाटेगावचे अण्णा भाऊ साठे तमाशाच्या फडात तयार झालेले. गाणं, वाजवणं, सगळं अंगात. तरी लाल बावटा कलापथकात त्यांच्या शब्दांना अमर शेखांचा खडा आवाज मिळाला. यातली गंमत अशी की अमर शेख स्वतः कवी होते, ‘कलश’ हा त्यांचा संग्रह. पदरी स्वतःची कविता असलेला माणूस दुसऱ्याच्या छक्कडीला गळा देतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही! असा एक माणूस आज दाखवा.

साठ-सत्तरच्या भावगीतांवर पुण्या-मुंबईकरांनी रकाने भरलेत, त्यात माझी भर नको.

माझं दशक नव्वदचं, कॅसेटचं. एसटी स्टँडच्या आसपास कॅसेटची दुकानं, प्रत्येकाचा टेप वेगळं गाणं ओरडतोय. जोतिबाच्या चैत्री यात्रेआधी आणि संभूआप्पा-बुवाफनच्या उरसात तर बोलायची सोय नसे. आमच्या गल्लीतले एक प्राथमिक शिक्षक देवादिकांची गाणी लिहायचे. कोल्हापूरचा गायक तालमीला त्यांच्या सोप्यात येऊन बसायचा. गुरुजींचा आवाज तपकिरीने पार बसलेला, पण कुठे थांबायचं हे तेच सांगायचे. “‘चांगभलं’ तू पुरं करू नको. अर्ध्यात सोड. पुढचं लोकांनी म्हणायचं असतं.” गायक हट्टाने तान घ्यायचा. गुरुजी पेटीच्या भात्यावर हात ठेवून सूरच बंद करायचे. चार-पाच वेळा असं झालं की गायक मुकाट्याने अर्ध्यात सोडायचा, आणि दारात जमलेली आम्ही पोरं आपसूक उरलेलं ओरडायचो.

कॅसेट आली की गुरुजी आधी आतला घडीचा कागद उलगडायचे. वर गायक, मागे डोंगर आणि गुलाल. गीतकार शोधायला कागद डोळ्यांजवळ धरावा लागे. एकदा आडनाव चुकलं, एकदा चक्क ‘पारंपरिक’ छापलं. माणूस जिवंत, पेन्शन घेतोय, आणि गाणं पारंपरिक! पैसे एकदाच मिळायचे, तेही खेटे घातल्यावर. कॅसेट काढणाऱ्याने त्या पैशांवर बंगला बांधला. मी तो रस्ता अजून टाळतो. मोठ्यांचीही तीच कथा. प्रल्हाद शिंद्यांचं पंढरीच्या वाटेचं ते गाणं वारीत घरोघर वाजतं, पण ते दत्ता पाटलांनी लिहिलं हे किती वारकऱ्यांना ठाऊक आहे?

वामनदादा कर्डकांसारखे स्वतः लिहून स्वतः गाणारे होतेच. सुरेश भटही आपली गझल तरन्नुममध्ये म्हणत. २००३ पासून संदीप खरे सलील कुलकर्ण्यांबरोबर मंचावर बसून स्वतःची गाणी गाऊ लागले, तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. मी त्यांच्यात नव्हतो. आपला गळा कुठवर जातो हे खऱ्यांना कळतं, आणि शेजारी सलील आहेतच. घोळ नंतर झाला. त्यांचं बघून ज्याने-त्याने माइक धरला.

गेल्या जयंतीला अण्णा भाऊंवर एक नवं गाणं वाजलं. चार कडव्यांत वाटेगाव ते मुंबईची पायपीट अशी बसवलेली की मी मिरवणुकीत थांबलो. आवाज मात्र सॉफ्टवेअरने इस्त्री मारूनही चुरगळलेला. गीत, संगीत, गायन, सगळं त्या पोराचंच. त्याला म्हटलं, कुणाकडून तरी गाऊन घे की. तो म्हणाला, “काका, दुसऱ्यानं गायलं की फॉलोअर त्याचे वाढत्यात. माझं नाव कोण वाचतंय?” गुरुजींचा घडीचा कागद मी पाहिलाय, त्यामुळे उलट बोलता येईना.

याच गावात खड्या आवाजाची एक कॉलेजकन्या आहे. नवं काही मिळत नाही म्हणून युवा महोत्सवात दरवर्षी तेच दोन जुने पोवाडे म्हणते. दोघांची गाठ घालून दिली. तालीम सुरू झालीय, वाटणीवर अडलंय. त्याला सत्तर-तीस हवंय, तिला निम्मं-निम्मं. मी तिच्या बाजूने आहे.