घरच्या संगणकाला अँटिव्हायरस कोणता?

नवा लॅपटॉप घेतला की दुकानदार बिलात अँटिव्हायरस हळूच जोडतो. हो म्हणण्याआधी एवढं ध्यानात घ्या: विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर मुळातच असतो, फुकट आणि चालू. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था अशा प्रोग्रॅमांच्या चाचण्या घेऊन निकाल जाहीर करते; तिथे गेली काही वर्षं डिफेंडर विकतच्यांच्या पंगतीत बसतो.

मग पैसे कशाचे मोजायचे? मुलांच्या ब्राउझिंगवर लगाम, एकाच परवान्यात तीन-चार यंत्रं, आणि अडलं तर फोनवर बोलणारं माणूस. आईवडील गावी एकटे असतील तर हे शेवटचं खरंच कामाचं. पुण्याचं क्विक हील काय किंवा परदेशी कॅस्परस्की, बिटडिफेंडर काय, पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नका. नूतनीकरणाचा दर विचारा.

दोन अँटिव्हायरस मात्र एकत्र नांदत नाहीत. प्रत्येक फाइल दोघंही तपासू लागले की यंत्र रखडतं. लॅपटॉपसोबत आलेल्या चाचणी आवृत्तीची मुदत संपली असेल तर ती काढून टाका आणि सेटिंग्जमधल्या ‘विंडोज सिक्युरिटी’त डिफेंडर पुन्हा सुरू झालाय का ते बघा.

अपडेटचा कंटाळा मात्र महागात पडतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या व्हायरसने जगभर फाइली कुलूपबंद केल्या, त्याने वापरलेली फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि काम झालं की तिची वायर काढून ठेवा. जोडलेली डिस्कही असा व्हायरस सोडत नाही.