झाडाची जखम

मुलांनो, तुमचे बोट कापले तर काय होते? काही दिवसांत जखम भरते. झाडाचे मात्र तसे नसते. हे कसे कळले?

अमेरिकेत ॲलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. १९५९ साली ते तेथील वनखात्यात कामाला लागले. त्यांनी हजारो झाडे उभी चिरून आतून पाहिली. कुजलेले लाकूड पुन्हा चांगले होत नाही. झाड त्याच्याभोवती जणू भिंत बांधते आणि कूज अडवते, असे त्यांना दिसले.

फांदी खोडाला मिळते तेथे हातातील कड्यासारखा फुगीर भाग असतो. ही भिंत तेथेच तयार होते. पण पूर्वी लोक तो भागही कापून टाकत. खोड गुळगुळीत दिसले, की छाटणी चांगली झाली असे त्यांना वाटे. जखमेवर ते रंगही फासत. रंगाने कूज थांबत नाही.

म्हणून फांदी फुगीर भागाला लागून, पण त्याच्या बाहेर कापावी. लांब खुंटही ठेवू नये, तो कुजतो.

तुमच्या शाळेजवळील छाटलेले झाड पाहा. जुन्या जखमेभोवती नव्या लाकडाचे पूर्ण गोल कडे आले आहे का? असेल, तर छाटणाऱ्याने झाडाची काळजी घेतली असे समजा.