आधी घासा, मग निर्जंतुक करा

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. सुई एकदा वापरून फेकतात, कात्र्या-चिमटे ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. मग पोटात घालायची दुर्बीण एकानंतर दुसऱ्या रुग्णाला कशी चालते?

चालते, कारण दुसरा उपाय सोपा नाही. ऑटोक्लेव्हमधली 121 अंशांची वाफ या दुर्बिणीचं रबर, तिचे चिकटवलेले सांधे आणि आतला कॅमेरा यांना सोसत नाही. म्हणून ती धुतात, घासतात आणि ग्लुटाराल्डिहाइड किंवा परअॅसिटिक आम्लासारख्या रसायनात बुडवतात. रसायन जंतूंना मारतंच, पण त्यासाठी ते जंतूंपर्यंत पोहोचायला हवं.

2012 मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या इरास्मस रुग्णालयात 30 रुग्णांमध्ये प्रतिजैविकांना न जुमानणारा एकच स्यूडोमोनास जंतू सापडला. त्यातल्या 22 जणांची ईआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेवरची प्रक्रिया, एकाच दुर्बिणीने झाली होती. या दुर्बिणीच्या टोकाशी, तिच्यातून सोडलेली तार वळवण्यासाठी, एक इवलीशी हलणारी पट्टी असते. तिच्यामागच्या खाचेत ब्रश नीट पोहोचत नव्हता आणि जंतू तिथेच ठाण मांडून होते. 2015 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए रुग्णालयात अशाच दुर्बिणीतून सात जणांना संसर्ग झाल्याचं उघड झालं, त्यातले दोघे दगावले. कंपनीने सांगितलेली स्वच्छतेची पद्धत आपण पाळली होती, असं रुग्णालयाने सांगितलं.

पिण्याच्या पाण्याचा पिंप चार दिवस घासला नाही तर तळाशी बुळबुळीत थर बसतो. वरून कितीही पाणी ओता, तुरटी फिरवा, तो हलत नाही. काथ्याने खरवडावाच लागतो. दुर्बिणीतले जंतूही असाच थर स्वतःभोवती विणतात. तो बायोफिल्म. त्याच्या आतल्या जंतूंपर्यंत रसायन पुरेसं पोहोचत नाही.

आता हिशेब पाहा. अमेरिकेतले रुग्णालयीन संसर्गाचे अभ्यासक रुटाला आणि वेबर यांनी तो मांडला आहे आणि मला तो विलक्षण वाटतो. आतड्यातून बाहेर आलेल्या दुर्बिणीवर 1,000 कोटींपर्यंत जंतू असू शकतात. चांगल्या घासणीने ते दहा लाखांत एक एवढेच उरतात, म्हणजे 10,000. त्यानंतरचं रसायन उत्तम असेल तर तेही संपतात. पण घासणी वरवरची झाली, शंभरात एक जंतू उरला, तर रसायनापुढे 10 कोटी जंतू उभे राहतात आणि तेच उत्तम रसायन वापरूनही शंभरेक जिवंत राहू शकतात. सारा फरक ब्रश चालवणाऱ्या हाताचा.

फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले अर्ल स्पॉल्डिंग यांचं नाव दवाखान्याबाहेर कुणाला ठाऊक नाही, पण उपकरण शरीरात कुठे शिरतं यावरून त्याची शुद्धता ठरवायची, ही जगभर चालणारी पद्धत त्यांची. निर्जंतुक ऊतींत शिरणारं उपकरण पूर्ण निर्जंतुक हवं. नुसत्या श्लेष्मल त्वचेला लागणाऱ्याला उच्च दर्जाचं रासायनिक निर्जंतुकीकरण पुरे. ईआरसीपीची दुर्बीण दुसऱ्या गटात मोजली जाते. पण तिच्यातून गेलेली तार तर निर्जंतुक पित्तनलिकेत शिरते! स्पॉल्डिंग यांचाच तर्क लावला तर ही दुर्बीण पहिल्या गटात जायला हवी.

2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, टोकाचा भाग एकदा वापरून टाकता येईल अशा दुर्बिणींकडे वळण्याचा सल्ला दिला आणि त्याच डिसेंबरात एकदाच वापरायच्या अख्ख्या दुर्बिणीला मान्यता दिली. एकदाच वापरायच्या टोकाचा फायदा खरा आहे. ती खाचच उघडी पडते. पण आतली मीटरभर लांब नळी तशीच राहते. तिच्यात पाण्याचे थेंब राहिले तर उरलेसुरले जंतू रात्रीत पुन्हा वाढतात, म्हणून गाळलेल्या हवेच्या झोताने ती किमान दहा मिनिटं सुकवायला हवी. नव्या दुर्बिणींची जेवढी चर्चा होते, तेवढी या सुकवण्याची होत नाही, हे मला खटकतं.

दुर्बीण धुणाऱ्या तंत्रज्ञाला रोज किती दुर्बिणी कराव्या लागतात, त्याला प्रशिक्षण आणि पुरेसा वेळ मिळतो का, घासल्यावर नळीत काही उरलंय का हे कुणी तपासतं का, हे प्रश्न रुग्णालयाला जरूर विचारा. मात्र या भीतीने ईआरसीपी पुढे ढकलू नका. खड्याने तुंबलेल्या पित्तनलिकेत पू झाला तर तो जिवावर बेततो.